संगीताची खोली आणि पायाखालची फरशी

नव्या घराच्या दिवाणखान्यात मकराण्याचा संगमरवर हवाच, ही व्यापारी घराण्यांची जुनी हौस. पुढे त्याच खोलीत लाखमोलाचे स्पीकर येतात. परंतु गाणे लावले की तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात, गायकाचे शब्द पुसट होतात. दोष यंत्राच्या माथी येतो आणि स्पीकर बदलले जातात. वस्तुतः संगमरवर आपल्यावर पडलेल्या ध्वनीपैकी जेमतेम १ टक्का शोषतो. उरलेला सारा परत फेकतो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात १८९५ च्या सुमारास उच्चारलेला शब्द सुमारे ५.५ सेकंद घुमत राही. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या, तसतसा घुमारा ओसरत गेला. जुन्या बैठकीतील जाजम, गाद्या आणि लोड हेच काम नकळत करीत असत.

फरशीवर चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या दिसायला ऊबदार, पण ध्वनीच्या दृष्टीने दगडाहून फारशा निराळ्या नाहीत. संगमरवर उखडण्याचेही कारण नाही. स्पीकर आणि श्रोता यांच्या मधल्या जागेत जाड अस्तरावर सुती सतरंजी अंथरावी. ती उचलून झटकताही येते. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा मात्र नको. त्याने सतारीची झळाळी मावळते, आणि खर्जाचा घुमारा तसाच राहतो. त्या घुमाऱ्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढावे लागतात.