धरणाची नोंदवही आणि भूकंपाची नोंदवही

भूकंपाची बातमी आली की तिच्या पाठोपाठ चार्ल्स रिश्टर यांचे नाव येते. १९३५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी त्यांनी ती मोजपट्टी तयार केली. त्या कामात बेनो गुटेनबर्ग यांचा वाटा मोठा होता. पण त्यांचे नाव लोकांच्या तोंडी बसले नाही. फार मोठ्या भूकंपांना ही पट्टी अपुरी पडते, म्हणून १९७९ मध्ये टॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी दुसरी पद्धत मांडली व शास्त्रज्ञ आज मोठ्या भूकंपांसाठी बहुधा तीच वापरतात. आपली वृत्तपत्रे अजून ‘रिश्टर स्केल’च लिहितात. तो दोष किरकोळ आहे. परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने रिश्टर यांच्याहूनही अधिक महत्त्वाचे असे दोन अमेरिकी अभ्यासक आहेत आणि त्यांची नावे आपल्याकडे क्वचितच कोणी घेतो, याची मात्र खंत वाटते.

त्यांपैकी पहिले डीन कार्डर. कोलोरॅडो नदीवरील हूव्हर धरणात १९३५ पासून पाणी साठू लागले. दुसऱ्याच वर्षापासून तेथे धक्के जाणवू लागले आणि १९३९ मध्ये सुमारे ५ तीव्रतेचा भूकंप झाला. कार्डर यांनी जलाशयाच्या पातळीचा आलेख आणि धक्क्यांचा आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. साठलेल्या पाण्याचा भार हा जुन्या प्रस्तरभंगांना चाळवीत असावा, हा निष्कर्ष त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केला.

दुसरे डेव्हिड इव्हान्स. ते भूवैज्ञानिक होते. डेन्व्हर शहराजवळ अमेरिकी सैन्याचा रासायनिक कारखाना होता. त्याचे दूषित पाणी १९६२ पासून सुमारे ३,६७० मीटर खोल विहिरीत दाबाने सोडण्यात येऊ लागले आणि थोड्याच आठवड्यांत भूकंपाची फारशी आठवण नसलेले ते शहर हादरू लागले. इव्हान्स यांनी दरमहा सोडलेल्या पाण्याचे आकडे आणि दरमहा झालेल्या धक्क्यांचे आकडे एकत्र मांडले आणि १९६५ मध्ये त्यांतील साम्य जाहीर केले. पुढील वर्षी पाणी सोडणे थांबले. तथापि सर्वांत मोठे धक्के त्यानंतर, १९६७ मध्ये बसले! पाणी खडकातून हळूहळू पसरत राहते; आपण नळ बंद केला म्हणून ते जागीच थांबत नाही.

यामागील कार्यकारणभाव समजण्यास कठीण नाही. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड यांनी दाखवून दिले की, खडकांत ताण वर्षानुवर्षे साठत जातो आणि एका क्षणी प्रस्तरभंगावर खडक सरकून तो मोकळा होतो. खडकाच्या भेगांतील पाण्याचा दाब वाढला की एकमेकांवर दाबलेल्या दोन बाजूंची पकड सैल होते. ताण पाण्याने निर्माण केलेला नसतो. त्याची सुटका तेवढी पाणी लवकर घडवून आणते. १९६९ ते १९७३ या काळात कोलोरॅडोतील रेंजली तेलक्षेत्रात बॅरी रॅले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची प्रत्यक्ष परीक्षाच घेतली. पाण्याचा दाब वाढविला तेव्हा धक्के वाढले, दाब उतरविला तेव्हा ते ओसरले.

आता कोयनेकडे पाहू. शिवाजीसागरात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि धक्के सुरू झाले. ते ऐकू येत, जाणवत; म्हणून परिसरात भूकंपमापक केंद्रेही उभारण्यात आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे मेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि पुढे ती बळकट करावी लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्डर यांच्याच वाटेने जाऊन पातळी आणि धक्के यांची सांगड घातली. पाणी किती वेगाने चढले, किती उंचीपर्यंत गेले आणि त्या उंचीवर किती काळ राहिले, या तीन गोष्टी त्यांनी निर्णायक मानल्या. गुप्ता आणि रस्तोगी यांचा ‘धरणे आणि भूकंप’ या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये निघाला आणि कोयना जगभरच्या अभ्यासकांचे तीर्थक्षेत्र बनले. त्याच परिसरात गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेही याच प्रश्नाच्या शोधात.

मी अर्थशास्त्र शिकवितो. भूकंपशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु या साऱ्या इतिहासात मला एक आर्थिक प्रश्न दिसतो. धरणाची वीज दूरच्या शहरांना मिळते, पाणी खालच्या शेतांना मिळते. धोका मात्र धरणाच्या कुशीतील मातीच्या भिंतींची घरे सोसतात. प्रकल्पाच्या खर्चाच्या ताळेबंदात हा धोका कोणत्या सदरात दाखवावयाचा? निदान त्याची माहिती तरी त्या घरांची असली पाहिजे. माहिती गोळा करण्याचा खर्च एकदा होतो आणि ती एकाने वाचली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही. अशी वस्तू दप्तरात बांधून ठेवणे हा शुद्ध अपव्यय होय.

माझ्या वर्गात बपेऱ्याची काही मुले आहेत. बावनथडी धरणाने आपल्याकडेही कोयनेसारखे होईल काय, असे त्यांच्यापैकी एकाने विचारले. तसे मानण्यास आधार नाही, हे मी त्याला सांगितले. कोयनेची भिंत १०० मीटरहून उंच. बावनथडीचे धरण तिच्या मानाने लहान, आणि भूकंपाच्या नकाशावर भंडारा जिल्हा कमी धोक्याच्या पट्ट्यात येत आला आहे. पण हे सांगताना मन थोडे अडखळले. कारण किल्लारी तर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होती. १९९२ मध्ये तेथे धक्क्यांची मालिका होऊन गेली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. निम्न तेरणा जलाशयाचा त्यात काही हात होता काय, ही शंका अमेरिकेतील लिओनार्डो सीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. इतरांना ती पटली नाही. आमच्या भागालाही हादरे अगदीच अपरिचित नाहीत. २२ मे १९९७ च्या रात्री जबलपूर हादरले तेव्हा उकाड्यामुळे आम्ही अंगणात निजलो होतो आणि खाटा हलल्या, हे मला आठवते.

राज्याचा जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोज प्रसिद्ध करतो. दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र भूकंपांची यादी प्रसिद्ध करते. दोन्ही नोंदी आहेत. पण गावकऱ्याला किंवा शाळामास्तराला वाचता येतील अशा रीतीने, मराठीत, एका पानावर शेजारी मांडलेल्या मी कोठे पाहिल्या नाहीत. बावनथडी हा दोन राज्यांचा प्रकल्प असल्याने कागद दोन राजधान्यांत विभागले जाणार, ही आणखी एक अडचण. तरीही धरणाच्या पातळीचा एक रकाना आणि परिसरातील धक्क्यांचा दुसरा, असा मासिक तक्ता तुमसरच्या कचेरीत आणि बपेऱ्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्यास वेगळ्या अनुदानाची गरज पडू नये. दुसरा रकाना बहुतेक महिने कोरा राहील. तो कोरा आहे हेदेखील लोकांना दिसू द्यावे.