बातमीचा धनी कोण?

मृग जवळ आला म्हणजे आमचा शेतकरी दोन गोष्टी करतो. आभाळाकडे पाहतो, आणि यंदा बियाणे कोणते घ्यावे म्हणून चार जणांस विचारतो. त्या चार जणांत एक वर्तमानपत्र असते. चावडीवर किंवा लोहाराच्या भात्यापाशी कोणी एकजण ते मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि 'पेपरात आले आहे' एवढे बोलणे पुराव्यादाखल पुरे होते. ह्या भोळ्या विश्वासाची किंमत कोण वसूल करतो, याचा विचार आमच्या वाचकांनी पेरणीच्या आधी करावा, म्हणून आज ही लेखणी उचलली आहे.

प्रकरण जुने आहे, परंतु विसरण्याजोगे नाही. 31 ऑक्टोबर 2008 रोजी टाइम्स ऑफ इंडिया या बड्या इंग्रजी पत्रात एक अख्खे पान छापून आले. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या दोन गावांत बीटी कापसाने सोने पिकविले, लोकांची घरे भरली, आणि तेथे आत्महत्या म्हणून नाहीत, असा त्याचा मथितार्थ. बातमीदारांस तेथवर नेण्याची सोय महिको-मोन्सँटो या बियाणे कंपनीने केलेली होती. आता ज्याच्या गाडीत बसून जावयाचे त्याच्याच शेताची पाहणी करावयाची, तर पीक हिरवेच दिसणार!

पुढे ऑगस्ट 2011 उजाडला. जनुकीय बियाण्यांच्या परवानग्या ज्याच्या हाती जावयाच्या त्या नव्या प्राधिकरणाचे विधेयक सरकारला संसदेत मांडता आले नाही. लागलीच, 28 ऑगस्टला, तेच पान त्याच पत्रात शब्दाला शब्द पुन्हा छापले गेले. या वेळी त्यावर 'ग्राहकांशी संपर्क' अशा अर्थाचे एक गोंडस नाव होते. म्हणजे रोख पैसे मोजून दिलेली ती जाहिरात होती. कंपनीचे म्हणणे असे की, पहिले पान ही पत्राने स्वतः दिलेली बातमी होती व दुसरे तिचेच पुनर्मुद्रण होते. असेल. पण जी गोष्ट एका अक्षराचाही फरक न करता एकदा बातमी म्हणून व एकदा जाहिरात म्हणून चालते, तिला वाचकाने काय नाव द्यावे, हे आम्ही वाचकावरच सोपवितो.

भांबराज्याच्या लोकांस मात्र कोणी विचारले नव्हते. मार्च 2012 मध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती तेथे गेली, तेव्हा संतापलेल्या गावकऱ्यांनी सभासदांस तोंडावर सांगितले की, आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या, व बहुतेक हे बियाणे आल्यानंतरच्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी 10 मे 2012 रोजी 'हिंदू' पत्रात हे सारे उघडकीस आणले. म्हणजे एका पत्राचे पाप दुसऱ्या पत्रानेच वेशीवर टांगले, हेही कबूल केले पाहिजे. सर्वच लेखण्या विकलेल्या नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाही तर आम्हीही एकतर्फी बोललो असे होईल. बीटीने काहीच दिले नाही, असे आमचे म्हणणे नाही. 2002 साली त्यास परवानगी मिळाली तेव्हा देशात हेक्टरी रुईचे उत्पन्न सुमारे 300 किलो होते, ते 2007-08 पर्यंत साडेपाचशेवर गेले. चांगले पाऊसमान, पाण्याची सोय व नवे वाण यांचाही त्यात वाटा होता. पण पुढे ते चढले नाही. गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीस जुमानीनाशी झाल्याचे 2010 साली कंपनीनेच मान्य केले, आणि 2017 साली तर त्या अळीने विदर्भाचा कापूस बोंडातच खाल्ला. त्याच हंगामात फवारणीचे विष भिनून यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत पुष्कळ रोजंदार मजूर होते. सोन्याची बातमी अख्खे पान व्यापते. अळीची बातमी मेलेल्यांची संख्या मोठी झाल्यावरच छापली जाते.

आणि पैशाचा हिशेब? आरंभीच्या वर्षांत साडेचारशे ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या वर विकले जाई, व त्यांतील बाराशेहून अधिक रुपये कंपनीच्या हक्काचे म्हणून जात. ओरड झाली, 2006 साली किंमत खाली आली. मार्च 2016 मध्ये केंद्र सरकारने पाकीट 800 रुपयांस व हक्काची रक्कम 49 रुपयांस बांधली, आणि 2020 साली ती रक्कम शून्य केली. बियाणे तेच, पाकीट तेच! मग आधीचे बाराशे कशाचे होते? हा साधा प्रश्न जे पत्र जाहिरातीवर जगते ते कसा विचारील?

1991 पासून आम्हांस एकच पाठ पढविला जात आहे: सरकारने हात काढून घ्यावा, बाजार सर्वांचे पाहून घेईल. परंतु हात नेमका कोणाच्या डोक्यावरून निघतो ते पाहा. 1972 साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीचा बांध पुढे फुटला व खाजगी व्यापाऱ्यास रान मोकळे झाले. ऑगस्ट 2025 मध्ये, नवा कापूस झाडावर असतानाच, परदेशी कापसावरील 11 टक्के आयातकर सरकारने उठविला, व ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढविली. अमेरिकेने आमच्या मालावर जबर कर बसविल्यामुळे गिरण्यांस टेकू हवा होता, हे खरे. पण तो टेकू शेतकऱ्याच्या पाठीचाच का? मोठ्या पत्रांतून ती 'वस्त्रोद्योगास दिलासा' म्हणून वाचावयास मिळाली. दिलाशाचे पैसे कोणाच्या खळ्यातून गेले, तो मजकूर मथळ्याच्या खाली कोठेतरी शेवटी.

यात बातमीदारांस शिव्या देण्याचे कारण नाही. त्यांचा धनी पाहावा. 2014 साली नेटवर्क 18 हा समूह, त्याच्या मराठी वाहिनीसह, रिलायन्सच्या ताब्यात गेला. डिसेंबर 2022 मध्ये एनडीटीव्ही अदानींच्या हाती आली. बंदर, विमानतळ, कोळसा, वीज, सिमेंट व बातमी, सर्व एकाच वाड्यात! आणि तालुक्याचा वार्ताहर? त्यास पुष्कळ ठिकाणी पगार नसतो, मिळविलेल्या जाहिरातीवर टक्के मिळतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी भरावयाची, कृषी सेवा केंद्राकडून शुभेच्छांची चौकट मिळवावयाची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातील बोगस बियाण्याची बातमी लिहावयाची! ज्याला हे जमेल तो वार्ताहर नव्हे, संत.

उपाय मागे कोणी केलाच नाही असे नाही. मुकुंदराव पाटलांनी 1910 साली नगर जिल्ह्याच्या खेड्यातून 'दीनमित्र' काढून अनेक वर्षे चालविले. अगदी अलीकडे, दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांस कित्येक वाहिन्या देशद्रोही म्हणू लागल्या, तेव्हा डिसेंबर 2020 मध्ये त्या मंडळींनी 'ट्रॉली टाइम्स' नावाचे स्वतःचे पत्र पंजाबी व हिंदीत छापून ट्रॉलीट्रॉलीतून वाटले. नोव्हेंबर 2021 मध्ये ते तीन कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. पत्रामुळे झाली असे आम्ही म्हणत नाही. थंडीत वर्षभर बसण्यामुळे झाली. पण आपली बाजू आपल्या अक्षरात होती.

आता आमचे स्वतःचे. मागे एका बियाणेवाल्याने आम्हांसही निरोप धाडला होता की, वर्षाची जाहिरात देतो, मात्र उगवण न झाल्याच्या तक्रारी छापू नका. त्या वर्षी कागदवाल्याची बाकी राहिली व दोन अंक चार पानी काढावे लागले. वर्गणी थकविणाऱ्या बांधवांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

यंदा ज्यांनी बियाणे घेतले असेल त्यांनी पावती, पाकिटाचा टॅग व थोडे बी जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी, व एक नक्कल आमच्याकडे पाठवावी. गाव, वाण, लॉट नंबर व पेरणीची तारीख एवढे लिहिले तरी पुरे. अक्षर वळणदार नसले तरी चालेल.