टक्का कशाचा?

दहावीपर्यंत महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलामुलीने शेकडेवारी केलेली असते. नफा-तोटा, सरळव्याज, चक्रवाढव्याज सगळं येऊन जातं. राज्य मंडळाच्या नववी आणि दहावीच्या गणित भाग १ मध्ये तर ‘अर्थनियोजन’ नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. नववीला बचत, गुंतवणूक आणि प्राप्तिकर, दहावीला जीएसटी आणि शेअर. त्यामुळे ‘शाळेत पैशाचं गणित शिकवतच नाहीत’ ही तक्रार मला पटत नाही. शिकवतात. पण पुस्तकातल्या गणितात टक्का कशाचा काढायचा ते आधीच सांगितलेलं असतं. बाहेर पडल्यावर ते कुणी सांगत नाही, आणि मुलं नेमकी तिथे अडकतात.

पुण्यात नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये माझं जाणं-येणं असतं. तिथली मुलं हुशार आहेत, स्पर्धा परीक्षेतलं काळ-काम-वेगाचं उदाहरण मिनिटभरात सोडवतात. त्यातल्याच एका मुलीला नोकरी लागली आणि ती ऑफर लेटर घेऊन आली. वर्षाला तीन लाख साठ हजार. म्हणजे महिन्याला तीस हजार, असं तिने घरी कळवूनही टाकलं होतं. पहिल्या महिन्यात खात्यावर २३,९७९ रुपये आले. कंपनीने फसवलं, असंच तिला वाटलं. आम्ही ते पत्र आणि पगाराची स्लिप शेजारी शेजारी ठेवली.

तीस हजारांत मूळ वेतन १५,०००, घरभाडे भत्ता ६,००० आणि विशेष भत्ता ४,९७९. ही बेरीज २५,९७९, आणि हाच तिचा खरा एकूण पगार. उरलेल्या चार हजारांपैकी १,८०० हा कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा. ७२१ ही ग्रॅच्युइटीची तरतूद. कायमच्या नोकरीत सलग पाच वर्षं झाल्यावर मिळणारी. आणि १,५०० व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेरीस काम पाहून दिलं तर दिलं. हे चारही हजार सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात मोजलेले, पण दर महिन्याला हातात न पडणारे. मग २५,९७९ मधून तिच्या स्वतःच्या हिश्शाचा पीएफ १,८०० गेला आणि व्यवसाय कर २०० गेला.

पीएफ बारा टक्के असतो हे तिला माहीत होतं. म्हणून तिने तीस हजारांचे बारा टक्के काढले, ३,६०० आले, आणि स्लिपवरच्या १,८०० शी ते जुळेनात. बारा टक्के एकूण पगाराचे नाहीत. तिच्या स्लिपवर ते मूळ वेतनाचे आहेत. एवढं कळल्यावर पुढचं सगळं तिने स्वतःच मांडलं. कंपनीच्या १,८०० पैकी मूळ वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि ५५० तिच्या पीएफ खात्यात. तिचे १,८०० आणि हे ५५० मिळून दरमहा २,३५० रुपये तिच्या नावावर साठतात. कापलेले पैसे गेलेले नसून बाजूला पडलेले आहेत, हे आकड्याने दिसलं तेव्हा तिचा राग निवळला. व्हेरिएबल कधी आणि कशावर मिळतं, हे मात्र तिने कंपनीला लेखी विचारलं. मला वाटतं हा प्रश्न नोकरी स्वीकारण्याआधी विचारावा. त्यात उद्धटपणा काही नाही.

व्यवसाय कराच्या दोनशे रुपयांकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. त्याहून जास्त घेता येत नाही, कारण ही मर्यादा राज्यघटनेतच आहे. पूर्वी ती २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने वाढली. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि त्याच्या मागे १९७२ चा दुष्काळ आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तिच्यासाठी पैसा उभा करायचा होता. तेव्हा पगारदार आणि व्यावसायिकांकडून थोडंथोडं घ्यावं आणि दुष्काळी भागात मागेल त्याला काम द्यावं, असा तो विचार होता. या मुलीची आजी बीड जिल्ह्यात खडी फोडायला जात होती. नातीच्या पगारातून कापलेल्या दोनशे रुपयांचं त्या खडीशी नातं आहे, हे नागरिकशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगं आहे.

याच करातली एक खोच. स्त्रियांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. हिचा पगार त्याहून ९७९ रुपये जास्त, म्हणून पूर्ण दोनशे लागतात. इथे रेघ ओलांडली की ठरलेली रक्कम भरायची, असा प्रकार आहे. प्राप्तिकराचं तसं नाही, आणि या दोन्हींची गल्लत भल्याभल्यांची होते. ‘पगारवाढ नको, वरच्या स्लॅबमध्ये जाईन’ असं मी बँकेत नोकरी करणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे.

२०२५-२६ या वर्षाच्या नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १०, बारा ते सोळा लाखांवर १५, सोळा ते वीस लाखांवर २०. समजा करपात्र उत्पन्न सोळा लाख आहे. कर पंधरा टक्के म्हणजे २,४०,००० होतो का? नाही. दुसऱ्या चार लाखांवर २०,०००, तिसऱ्या चारवर ४०,०००, चौथ्या चारवर ६०,०००. एकूण १,२०,०००, म्हणजे सोळा लाखांचे साडेसात टक्के. आणखी दहा हजार वाढले तर त्या दहा हजारांवर वीस टक्के, दोन हजार. आधीच्या सोळा लाखांना कुणी हात लावत नाही. वर चार टक्के उपकर असतो, तोही उत्पन्नावर नाही, करावर: १,२०,००० चे ४,८००. बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर सवलतीमुळे कर शून्यावर येतो, आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट असल्याने त्यांची मर्यादा पावणेतेरा लाख होते. या सवलतीची रेघ नुकतीच ओलांडणाऱ्यांसाठीही कायद्याने वेगळा दिलासा ठेवला आहे.

विद्यार्थ्यांना एवढा पगार कुठला, असं कुणी म्हणेल. पण शिकता शिकता भाषांतर, डिझाइन, कोडिंगची कामं करणारी मुलं आता पुष्कळ आहेत. असं काम व्यावसायिक शुल्क म्हणून दिलं आणि एकाच संस्थेकडून वर्षात ५०,००० हून जास्त रक्कम झाली, की दहा टक्के टीडीएस कापतात. साठ हजारांचं काम, हातात चोपन्न. मुलं म्हणतात, सहा हजार कर गेला. तो आगाऊ कापलेला आहे. वर्षाचं सगळं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. पॅन दिलेला नसला तर हीच कपात वीस टक्क्यांवर जाते. माझ्या पाहण्यातली कितीतरी मुलं ‘आपल्याला कर नाही, मग विवरणपत्र कशाला’ म्हणून हे पैसे सोडून देतात. महिन्याच्या मेसचे दोन हप्ते भरतील एवढी रक्कम असते ती. याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता घरून येणाऱ्या पैशांकडे वळतो. परभणीकडच्या एका मुलाला घरून नऊ हजार येतात. कॉट बेसिसवर राहण्याचे ३,५००, मेस ३,०००, अभ्यासिका १,०००. उरले दीड हजार. चहा-नाश्ता आठवड्याला ३००, म्हणजे महिन्याला १,२००. मोबाइलचं रिचार्ज २९९. एकूण १,४९९. कागदावर जमाखर्च एका रुपयापर्यंत जुळला, आणि तरी दर दोन-तीन महिन्यांनी त्याला मित्राकडे हात पसरावा लागायचा. उधळपट्टी करणारा मुलगा नव्हे तो.

चूक महिन्यात होती. चार आठवड्यांचा महिना फक्त फेब्रुवारी, तोही लीप वर्ष नसताना. वर्षाचे आठवडे बावन्न. ३०० गुणिले ५२, भागिले १२ केलं की १,३०० येतात. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं, म्हणून वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा करावं लागतं. तेरा वेळा २९९ चे ३,८८७ होतात, महिन्याला ३२४. एकूण खर्च ९,१२४. दरमहा सव्वाशेची तूट, वर्षाला दीड हजार. त्यात परीक्षांचे अर्ज, पुस्तकं आणि दिवाळीला गावी जाण्या-येण्याचा खर्च धरलेलाच नाही. हे खर्च वर्षातून एकदा-दोनदा येतात म्हणून मुलं त्यांना ‘अचानक’ म्हणतात. दिवाळी अचानक येत नाही. वर्षाचे असे सगळे खर्च सहा हजार धरले तर बाराने भागून महिन्याचे पाचशे होतात, आणि ते पहिल्या तारखेलाच बाजूला पडायला हवेत. या मुलाच्या बजेटमध्ये ते बसत नाहीत, हे खरं आहे. हिशेबाने पैसे वाढत नाहीत. पण ‘मला सव्वासहाशे कमी पडतात’ हे वडिलांना किंवा शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत सांगता येणं आणि ‘पैसे पुरत नाहीत’ म्हणणं, यात फार फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर मोठी माणसं उपदेश करतात.

त्या २९९ रुपयांतही कर आहेच. अठरा टक्के जीएसटी, पण २९९ चे अठरा टक्के काढू नयेत. २९९ म्हणजे मूळ किमतीचे ११८ टक्के. म्हणून १८ भागिले ११८. कर निघतो ४५ रुपये ६१ पैसे. विद्यार्थी कर भरत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना हे दाखवावं.

कमवून शिकणाऱ्यांसाठी आणखी एक भागाकार. बारा हजार पगार, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे आठ तास: तासाला ५७ रुपये ६९ पैसे. प्रत्यक्षात दहा तास उभं राहावं लागत असेल तर ४६ रुपये १५ पैसे. वेतनाच्या कायद्याने जादा तासांचा दर दुप्पट असतो, आणि किमान वेतन किती ते शासन उद्योग आणि परिमंडळानुसार जाहीर करतं. आपला ताशी दर काढल्याशिवाय त्याच्याशी तुलना कशी करणार? खाड्याचाही हिशेब पाहावा. एका मुलाचा खाडा झाला की मालक २६ ने भागून ४६१ रुपये कापायचा आणि सुटीच्या दिवशी जादा बोलावलं की ३० ने भागून ४०० द्यायचा. एकाच दिवसाची किंमत दोन प्रकारे धरलेली. मुलाने दोन्ही भागाकार एका कागदावर लिहून समोर ठेवले, आणि पुढच्या महिन्यापासून दोन्हीकडे २६ आला.

कर्जाच्या बाबतीत तर मी पोरांना हात जोडून सांगतो की दर ऐकून सही करू नका. गावाकडे ‘तीन रुपये शेकडा’ म्हणतात तेव्हा तो दर महिन्याचा असतो. वर्षाला छत्तीस टक्के. बँकेचं नऊ टक्के त्याच्यापुढे महाग वाटतं, कारण एक आकडा महिन्याचा आणि दुसरा वर्षाचा. मोबाइलच्या हप्त्यांत हेच अधिक सफाईने होतं. बारा हजारांचा फोन, ‘फक्त बारा टक्के फ्लॅट’, महिना १,१२० चे बारा हप्ते. व्याज १,४४०. पण ते पूर्ण बारा हजारांवर वर्षभर धरलं आहे, आणि तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत आहात. पहिल्या महिन्यात १२,००० देणं असतं, शेवटच्या महिन्यात १,०००. सरासरी काढली तर वर्षभर तुमच्याकडे साडेसहा हजारच होते. साडेसहा हजारांवर १,४४० म्हणजे बावीस टक्के. काटेकोर मांडणी केली तरी साडेएकवीसच्या आसपास.

हे सगळं शिकवायला नवा विषय नको, नवं पुस्तकही नको. ‘अर्थनियोजन’ शिकवताना गणिताच्या शिक्षकांनी मुलांना घरचा एक खरा कागद आणायला सांगावा. नाशिक जिल्ह्यात कांद्याची पट्टी, कोल्हापूरकडे उसाचं किंवा दूध संघाचं बिल, पुण्या-मुंबईत आईची किंवा वडिलांची पगाराची स्लिप. नावं झाकून चालतील. पट्टीवरही वर एकूण रक्कम असते, मग हमाली, तोलाई, वाराई वजा होतात आणि खाली हातात पडणारा आकडा. जी मुलगी दहावीत ही पट्टी वाचेल, तिला पुढे सीटीसीचं कोडं पडणार नाही. वर्गात एवढंच काम द्यावं: प्रत्येक कपातीपुढे ती कशावर मोजली आहे ते लिहायचं. हमाली वजनावर आहे, गोणीवर आहे की रकमेवर, हे पट्टीवर लिहिलेलं नसेल तर घरी विचारून यायचं, आणि घरीही माहीत नसेल तर पुढच्या बाजाराच्या दिवशी अडत्याला.