रोड रॅश परत आणा!

पालीत कॉम्प्युटर क्लास लावला टायपिंगसाठी, शिकलो मात्र शेजारच्या बाईकवाल्याला साखळीने हाणायला. १९९१ साली सेगावर आलेला रोड रॅश १९९६ला विंडोजवर आला, तिथून आमच्यापर्यंत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स फुटबॉलचा गेम दरवर्षी नव्याने विकते आणि रोड रॅश २०००च्या 'जेलब्रेक'नंतर अडगळीत! २०१७ला दुसऱ्यांनी 'रोड रिडेम्प्शन' काढला, पण त्यात तलवारी, बंदुका. अहो, खरी मजा लाथेत होती!

आम्ही दोघं भाऊ एकाच कीबोर्डवर. दादा गाडी सांभाळायचा, लाथा माझ्याकडे. पोलिसांनी धरलं की दोघांचं भांडण.

आता भांडण घराच्या वाटणीवरून आहे. बोलणं बंद. गेम परत आला तर फोन करायला निमित्त तरी मिळेल.