लेकराचा भाव आणि लेकराचा खर्च

धानाचा चुकारा हातात पडला की आमच्या गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांत लग्नाची आणि कर्जफेडीची बोलणी सुरू होतात. ती चार लोकांत होतात. तिसरे एक बोलणे मात्र रात्री दिवा मालवल्यावर नवराबायकोत हलक्या आवाजात होते. लग्नाला दहा-बारा वर्षे झाली, देव झाले, दवाखाने झाले, एक बांधी गहाण पडली, तरी पाळणा हलला नाही. तेव्हा आता कोणाचे लेकरू मांडीवर घ्यावे काय? या बोलण्याचा वास काही माणसांस फार लवकर लागतो. असा मनुष्य कधी दवाखान्यातला असतो, कधी कचेरीभोवती घुटमळणारा असतो. तो सांगतो, "सरकारी रस्त्याने गेलात तर म्हातारे व्हाल. इतके पैसे द्या. आठ दिवसांत बाळ घरी, आणि स्टांपावर कागदही करून देतो."

वाचकहो, हे जे 'इतके पैसे', तो दत्तकाचा खर्च नव्हे. तो लेकराचा भाव आहे. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवितात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की बैलाच्या धन्यास निदान आपल्या जनावराची रक्कम मिळते. येथे जिने नऊ महिने ओझे वाहिले त्या मायच्या पदरात काय पडते? कुठे नवऱ्याने टाकलेली मजूर बाई, कुठे फसवली गेलेली अजाण पोर. तिला गाडीभाडे आणि दम देऊन वाटेस लावतात, आणि मधले सारे मधल्यांच्या खिशात जाते. नागपुरात तान्ही मुले विकल्याच्या प्रकरणांत पोलिसांनी २०२२ साली अटका केल्या, तेव्हा हा धंदा आपल्या उंबऱ्यापासून किती जवळ आहे ते सर्वांस दिसले.

२०१५ चा बाल न्याय कायदा याबाबत स्पष्ट आहे. मूल विकणारा आणि विकत घेणारा या दोघांसही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड. दवाखान्यातील वा प्रसूतिगृहातील नोकर यात सापडला तर तीन वर्षांहून कमी नाही, सात वर्षांपर्यंत. आमच्या भोळ्या शेतकऱ्यास वाटते की आपण तर पुण्य केले, पैसेही दिले, स्टांपही झाला. पण तो स्टांप कवडीमोल आहे. सुईण, नर्स किंवा मध्यस्थ यांस कोणाचे मूल देण्याचा अधिकारच नाही. उद्या पोलीस दारात आले म्हणजे पैसे गेलेच, शिवाय दोन वर्षे अंगाखांद्यावर खेळलेले लेकरू डोळ्यांदेखत उचलून बाल कल्याण समितीपुढे नेतात. त्या घरावर काय गुजरत असेल, याचा विचार सौदा करतेवेळी कोणी करीत नाही.

आता भावाचे किंवा मेहुण्याचे मूल घेण्याची आपली जुनी रीत. तिला १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू आहे. बौद्ध बांधवही त्यात येतात. खऱ्या आईबापांनी आपल्या हाताने द्यावे, घेणाराने घ्यावे, आणि तसा लेख नोंदवून ठेवावा, एवढे पुरे. या कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाबद्दल पैसे वा बक्षीस देणे-घेणे हा गुन्हा ठरविला आहे; शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. खटला भरण्यास मात्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. बकरी चोरली तर परवानगी नको, आणि लेकरू विकले तर परवानगी हवी, ही तऱ्हा आम्हांस उमगत नाही.

याच कायद्यात दत्तहोम आवश्यक नाही असे स्वच्छ लिहिले आहे. त्याआधीही शूद्रांच्या दत्तकास देण्याघेण्यापलीकडे विधी लागत नाही असा प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय होता. ज्या शास्त्राने आम्हांस खाली बसविले त्याने निदान एवढी दक्षिणा तरी वाचविली! असे असता होमाच्या नावाने कोणी यादी पुढे केली, तर ती भरणे न भरणे हे ज्याच्या त्याच्या खुशीचे. त्यावाचून दत्तक कच्चे राहत नाही.

दत्तक कसे घ्यावे याचा कित्ता आमच्यापुढे आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे अडलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, कोणी त्यांचे नाव विचारू नये. तेथे बाळंत झालेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने आपला म्हणून घेतला. ना जात पाहिली, ना भाव केला. खर्च झाला तो खाण्यापिण्याचा, शिकविण्याचा आणि लोकांच्या शिव्या सोसण्याचा. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी आपल्या मिळकतीत यशवंताचा हक्क लिहून ठेवला, आणि यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा टिटवे कोणी धरावे म्हणून भाऊबंदांनी तंटा केला. मुलगा दत्तक ना! सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले व पुढे चालल्या.

असो. आता सरकारी रस्त्याकडे वळू; कारण दलालाचे दुकान त्याच्याच अडचणींवर चालते. अनाथ, सोडलेले किंवा आईबापांनी समितीपुढे स्वाधीन केलेले मूल केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या नोंदीतूनच मिळते. स्वाधीन करणाऱ्या मायला फेरविचारास ६० दिवस दिले आहेत, ही त्या कायद्यातली आम्हांस सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. मुसलमान, ख्रिस्ती यांनाही हा रस्ता मोकळा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्याने द्यावयाचा ठरला. हे सारे ठीक. पण खर्च? २०१७ च्या नियमांत देशातील पालकांसाठी घरचौकशीच्या अहवालाचे ६,००० रुपये आणि मुलांच्या संगोपन निधीचे ४०,००० रुपये असा दर होता; पुढील भेटींचे निराळे. परदेशी पालकांस ५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने तीन लाखांवर. २०२२ साली नवे नियम आले. आजचा दर त्यांच्या परिशिष्टात पाहावा, आणि त्याहून एक पैसाही कोणी मागितल्यास देऊ नये.

ही रक्कम लेकराची किंमत नाही, हे आम्ही मान्य करतो. ती संस्थेच्या नावे भरावयाची असते, तिची पावती मिळते, तिच्यातून मागे राहिलेल्या मुलांचे दूध-औषध चालते. पण दोन एकर धानावर किंवा विड्या वळून पोट भरणाऱ्या घरास ४०,००० म्हणजे काय, हे दर ठरविणारांस ठाऊक आहे काय? शिवाय कायदा म्हणतो की पालक आर्थिकदृष्ट्या सक्षम असावा. सक्षम कोण? ज्याची थैली जड तो, की ज्याच्या घरी आजी आहे, गाय आहे, अंगण आहे आणि आलेल्या पाहुण्याला पेजेचा वाटा आहे तो? सालेकसा-देवरीकडील जोडप्यास एका कागदासाठी गोंदियाच्या खेपा, प्रत्येक खेपेस दोघांची मजुरी बुडते. नोंदलेले पालक पुष्कळ, दत्तकास मोकळी मुले थोडी, म्हणून तीन वर्षांवर वाट पाहावी लागते. ती वाट आम्हांस मान्य आहे. घाई केली तर मुले उचलून आणण्याचा धंदा वाढेल. पैशाची आडकाठी मात्र मान्य नाही.

कोणी म्हणतात, फुकट दिले तर लोक मुलांची कदर करणार नाहीत. कदर कोण करील हे पाहण्यासाठीच तर घरचौकशी आहे! दुसरे म्हणतात, दर काढले तर संस्था उपाशी मरतील. या आक्षेपात तथ्य आहे. उपाशी संस्था गुपचूप हात पसरते, हे आम्हीही जाणतो. पुण्यातील 'प्रीत मंदिर' या संस्थेबद्दल जादा पैशाच्या तक्रारी झाल्या व २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयकडे चौकशी सोपविली. पण तेथे प्रश्न गरीब पालकाचा नव्हता. परदेशचा दर देशाच्या दराहून कित्येक पटींनी भारी, मग देणगीच्या नावाने डोळे तिकडे वळणारच. मूल संस्थेत राहिले तरी त्याचे पोट सरकारी अनुदानातूनच भरावे लागते. ते घरी गेले की सरकारचा तितका बोजा हलका होतो. मग गरीब पालकांपुरता हा निधी सरकारने स्वतः संस्थेस भरावा, यात खजिन्याचे नुकसान ते किती?

म्हणून आमचे मागणे असे : पिवळी व केशरी शिधापत्रिका असणाऱ्या घरांस हे दर माफ व्हावेत, घरचौकशी करणाराने गावात यावे, जोडप्यास वारंवार बोलावू नये, आणि प्रत्येक ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र व स्वस्त धान्य दुकान येथे चालू दर, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता व १०९८ हा क्रमांक मराठीत व गोंडीत ठळक लिहिलेला फलक लागावा. तो रोवणीपूर्वी लागावा. एकदा रोवणी सुरू झाली की आमची माणसे बांधीतून मान वर करीत नाहीत, आणि दलाल मात्र त्या दिवसांतही दवाखान्याच्या पायरीवर बसलेला असतो.