विश्लेषण : वऱ्हाडच्या आकाशात विमानाच्या पंखांवर बर्फ कसा साचतो?

डिसेंबर-जानेवारीत नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला निघालेला कामगार आधी दुचाकीच्या सीटवरचे दव पुसतो. थंडी कडाक्याची असली तरी इथे बर्फ पडत नाही. त्यामुळे अमरावती शहराच्या पलीकडे, बेलोरा विमानतळावरून उडणाऱ्या लहान विमानाच्या पंखांवर बर्फ साचू शकतो, हे सहज पटत नाही. पण हा धोका जमिनीवरच्या थंडीवर नव्हे, तर वरच्या ढगांवर अवलंबून असतो.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि अलायन्स एअरची मुंबई-अमरावती सेवा सुरू झाली. त्यासाठी पंख्याच्या इंजिनांचे, सुमारे ७० आसनी एटीआर ७२ विमान वापरले जाते. बेलोऱ्यातच एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली असून, तिथून दरवर्षी १८० वैमानिक घडवण्याचे उद्दिष्ट आहे. संस्थेसाठी ३४ विमानांची मागणी नोंदवण्यात आली. त्यांत ३१ पायपर कंपनीची एकइंजिनी, तर ३ डायमंड कंपनीची दोन इंजिनांची आहेत. म्हणजे हा विषय आता आपल्या प्रवाशांचा आणि आपल्या मुलामुलींचाही झाला आहे.

उन्हाच्या प्रदेशात बर्फ येतो कुठून?

दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. दुपारी खाली २८ अंश असतील, तर ढोबळ हिशेबाने सव्वाचार किलोमीटरवर, म्हणजे सुमारे १४ हजार फुटांवर पारा शून्याला टेकतो. एटीआर विमान याहून वर जाऊ शकते. ढगातले पाण्याचे थेंब मात्र शून्याखाली लगेच गोठत नाहीत. उणे दहा-पंधरा अंशांतही ते द्रवरूपात राहू शकतात. अशा अतिशीत थेंबांना विमानाचा पंख धडकला, की ते तिथेच गोठतात.

याचा पुरावा वऱ्हाडच्या शेतकऱ्याला वेगळा द्यायला नको. पश्चिमी विक्षोभाच्या प्रभावाने अवकाळी पाऊस येतो आणि हरभरा, मृग बहाराची संत्री गारांनी झोडपली जातात. ती गार वरच्या अशाच ढगात तयार झालेली असते.

थोड्याशा बर्फाने काय बिघडते?

मुख्य प्रश्न वजनाचा नाही, आकाराचा आहे. पंखाच्या विशिष्ट वळणामुळे विमानाला उचल मिळते. जाड्याभरड्या सँडपेपरइतका खडबडीत थरही ही उचल ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो आणि हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. मग विमान नेहमीपेक्षा जास्त वेगातच ‘स्टॉल’ होते, म्हणजे पंख विमानाला पेलू शकत नाही. वैमानिकाला सवयीचा, सुरक्षित वाटणारा वेग अशा वेळी अपुरा पडतो.

यापूर्वीचे अपघात काय सांगतात?

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ एटीआर ७२ कोसळून सर्व ६८ जण दगावले. उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत ते गोठणाऱ्या तुषारांच्या ढगात घिरट्या घालत होते. पंखाच्या पुढच्या कडेवर रबरी पट्टे असतात. ते फुगवून बर्फ फोडला जातो. या विमानात बर्फ त्या पट्ट्यांच्या मागे साचला. त्यानंतर एटीआरचे पट्टे रुंद करण्यात आले.

२ एप्रिल २०१२ रोजी रशियातील ट्युमेन येथे बर्फ न काढताच उडालेले एटीआर ७२ पडले आणि ४३ पैकी ३३ जणांचा मृत्यू झाला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमधील विन्हेदो येथे याच प्रकारचे विमान कोसळून ६२ जणांचा बळी गेला. बराच बर्फ साचल्याचे सहवैमानिकाने म्हटल्याची नोंद तिथल्या प्राथमिक तपास अहवालात आहे.

प्रशिक्षण विमानांना धोका किती?

सरावाची बहुतेक उड्डाणे काही हजार फुटांवरच होतात. त्यामुळे इथे पंखावर बर्फ साचण्याची शक्यता कमी असते. मात्र या वर्गातील बहुतेक एकइंजिनी विमानांना बर्फाच्या ढगात जाण्याची मान्यताच नसते, कारण पंखावरचा बर्फ काढण्याची यंत्रणा त्यांच्यात नसते. असा ढग टाळणे हाच त्यांचा बचाव. अडचण पुढे येते. वऱ्हाडात शिकलेला वैमानिक उद्या लेह किंवा श्रीनगरला जाईल, तेव्हा त्याने बर्फ फक्त पुस्तकात पाहिलेला असेल. म्हणून सिम्युलेटरवरचा सराव आणि ढगातील शून्य अंशाची पातळी तपासण्याची सवय इथेच लागायला हवी.

प्रवाशांनी काय लक्षात ठेवावे?

घाबरण्याचे कारण नाही. एटीआरमध्ये बर्फरोधक यंत्रणा असते आणि वैमानिकांना तिचे प्रशिक्षण मिळते. पण अवकाळीच्या दिवशी उड्डाण लांबले, विमान वळसा घालून आले किंवा परत फिरले, तर ‘इथे तर साधा पाऊस आहे’ म्हणून काउंटरवर वाद घालू नये. खालचे हवामान आपल्याला दिसते, निर्णय मात्र वरचे पाहून होतो. अशा दिवशी तासभर थांबावे लागले, तर तो विमान कंपनीचा ढिसाळपणाच असेल असे नाही. बर्फाच्या ढगात न शिरण्याचा शहाणपणाही असू शकतो.