खुनी शेवटच्या भागात सापडतोच का?

गेल्या शनिवारी इशाची नमाज आटोपून आम्ही घरातले तिघे टीव्हीसमोर बसलो आणि रविवारी दुपारपर्यंत 'मानवत मर्डर्स'चे आठही भाग संपवले. नेरूळच्या आमच्या घरात एवढा वेळ शांतता क्वचितच असते. मधे उठलो ते फक्त चहासाठी आणि फजरसाठी.

मालिका चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत परिसरात लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन आणि नरबळीची ती भयंकर कहाणी. तपास केला रमाकांत कुलकर्णी या नामांकित पोलीस अधिकाऱ्याने. त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे, आणि मालिका बेतलेली आहे ती कुलकर्णींच्याच पुस्तकावर.

माझं भांडण इथूनच सुरू होतं. गोष्ट सांगणारा तपास अधिकारी असला की प्रेक्षक त्याच्या खुर्चीत बसतो. आरोपीच्या बाकावर कोणी बसत नाही.

तिसऱ्या की चौथ्या भागात आमचे चिरंजीव म्हणाले, "अब्बा, या बाईवर मला पहिल्यापासून डाऊट होता. दिसतेच तशी." मी मान डोलावली. मग माझी मलाच लाज वाटली.

कारण मानवतच्या खटल्यातल्या मुख्य आरोपींमध्ये पारधी समाजातल्या बायका होत्या. त्यांनी गुन्हा केला की नाही, हा इथे माझा विषय नाही. ते कोर्टाचं काम. पण पारधी माणूस 'दिसतोच तसा' ही नजर आली कुठून? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि मूल जन्मताच त्याच्यावर शिक्का मारला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. नजर रद्द झाली नाही. आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात.

ही नजर आपल्याला नवी नाही. काही वर्षांपूर्वी भाड्याचं घर शोधत होतो. दलालाने घर दाखवलं, भाडं ठरलं, फॉर्मवर नाव लिहिलं आणि त्याच क्षणी घरमालकाला आठवलं की घर पुतण्यासाठी ठेवायचंय. तेव्हा मी चार दिवस चिडून होतो. आणि आता सोफ्यावर बसून तीच नजर दुसऱ्यावर रोखत होतो.

खूनमालिका आपल्याला दोन वाईट सवयी लावतात. पहिली, कबुली मिळाली की गोष्ट संपली असं समजण्याची. कायदा नेमकं उलटं सांगतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, ही तरतूद इंग्रजांच्या पुरावा कायद्यात होती आणि नव्या साक्ष अधिनियमातही आहे. का? कारण कोठडीत कबुली कशी मिळते ते इंग्रजालाही ठाऊक होतं. मानवतचा खटला माफीच्या साक्षीदारांवर उभा होता आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वतःचा जीव वाचवायला बोलणाऱ्या साक्षीदारावर किती विसंबायचं, यासाठी १९७७ च्या त्या निकालाचा दाखला आजही दिला जातो. म्हणजे खरा पेच पोलीस ठाण्यात सुटत नाही, तो कोर्टात सुरू होतो.

दुसरी सवय त्याहून वाईट. शेवटच्या भागात खुनी मिळालाच पाहिजे, हा हट्ट. आठ भाग पाहिलेत, आता कोणीतरी द्या! हाच हट्ट आपण बाहेरच्या जगातही धरतो, आणि मग तपास यंत्रणा 'कोणीतरी' देतात.

११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा मुसलमानांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. मोक्का कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, तरीही या कबुल्या न्यायालयाला विश्वासार्ह वाटल्या नाहीत. स्फोटात कोणत्या प्रकारचा बॉम्ब होता, तेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. बारांपैकी एक जण २०२१ सालीच वारला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुबारकबादचा पाऊस पडला. बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल आला. रमजानमध्ये झालेल्या त्या स्फोटात सहा माणसं गेली होती. प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यासह सातही आरोपी सुटले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, असं न्यायालय म्हणालं. आता त्याच ग्रुपवर संताप. आणि दहा दिवसांपूर्वी 'अतिरेकी सुटले' म्हणून ओरडणारे पलीकडचे लोक पेढे वाटत होते.

दोन्ही खटले सारखे आहेत असं मी म्हणत नाही. मालेगावच्या तपासावर रागावण्याची कारणं आहेत आणि मीही रागावलो आहे. पण राग कुणावर काढायचा? पुरावा उभा न करणाऱ्या यंत्रणेवर. 'दाट संशय पुरेसा नाही' या तत्त्वावर राग काढला, तर उद्या तेच तत्त्व आपल्या पोराला लागेल तेव्हा ते जागेवर नसेल. संशयापासून दूर राहा, खबर आली की शहानिशा करा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आपण वाचतो. ती फक्त आपल्या माणसांपुरती नाही.

आणि या सगळ्यात मेलेल्यांचं काय? लोकलमधल्या प्रवाशांना कोणी मारलं? मालेगावच्या भिक्खू चौकात कोणी मारलं? दोन्ही मालिकांना शेवटचा भागच नाही. तो मागायला हिंदू-मुसलमान एकत्र रस्त्यावर आलेले मी पाहिले नाहीत. आपल्याला खुनी नको असतो, आपल्या नावडत्या नावाचा खुनी हवा असतो.

मालिका बनवणाऱ्यांना एकच मागणं आहे. एकदा तरी नववा भाग करा. त्यात आरोपीचा वकील प्रश्न विचारू दे, साक्षीदार अडखळू दे, न्यायाधीश फाईल बाजूला सारू दे. लोक कंटाळणार नाहीत. माझा मुलगा तर नक्कीच नाही, रविवारी रात्री त्याने विचारलं, "अब्बा, मग कोर्टात काय झालं?" हा प्रश्न त्याने मालिका संपल्यावर विचारला. पुढच्या वेळी 'दिसतेच तशी' म्हणायच्या आधी विचारेल, आणि त्याच्या बापालाही विचारायला लावेल, एवढी उमेद मी धरून आहे.